आठवा वाटेकरी

विश्वासघाताने झालेल्या हानीचा शोक त्यामानाने सोपा असतो. तेथे दोषाला एक मुख असते, एक नाव असते, आणि त्या नावाला दूषण देऊन मनुष्य आपले दुःख थोडे हलके करू शकतो. परंतु ज्या व्यवहारात कोणी खोटे बोलले नाही, कोणी लोभाने हात पुढे केला नाही, सर्वांनी एकमेकांवर निःशंकपणे भार टाकला आणि त्या निःशंकपणाच्याच पोटी हानी जन्मली, त्याचा विचार करू लागले की बुद्धी कुंठित होते. विश्वास हा सद्गुण आहे, यात संदेह नाही. पण सद्गुणालाही आपली कर्तव्ये असतात, आणि प्रेमाच्या भरात ती राहून जातात. इजिप्तमधल्या दुमयात गावच्या आम्हा सात घरांना हे कळले तेव्हा उशीर झाला होता.

आमची सात घरांची भिशी होती. आमच्याकडे तिला जमइय्या म्हणतात. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी, दुपारच्या नमाजानंतर, वगदी मास्तरांच्या घरी जमायचे, ठरलेली रक्कम ठेवायची, आणि ज्याची पाळी असेल त्याने ती उचलून न्यायची. भिशीत कागद नसतो. पावती मागणे, सही मागणे म्हणजे समोरच्याला त्याच्या तोंडावर अप्रामाणिक म्हणणे. असे मागणाऱ्याला पुढच्या फेरीत कोणी घेत नाही. माझ्या वडिलांच्या भिशीत कागद नव्हता, त्यांच्या वडिलांच्याही नव्हता, आणि कोणाचा एक पियास्तरही, म्हणजे एक पैसाही, कधी बुडाला नव्हता.

वगदी मास्तरांनी एकोणीस वर्षे कुवेतमध्ये भूगोल शिकवला होता. परत येताना त्यांनी दोन गोष्टी आणल्या: शाळेने निकालात काढलेला जगाचा भिंतीएवढा नकाशा, आणि तिकडे असताना उघडलेले एक खाते, ज्यातून परदेशी कंपन्यांचे शेअर घेता येत. त्यांचा मुलगा हाझेम कुवेतमध्येच नोकरीला राहिला. उरलेल्या सहा घरांत उस्ता बयूमी हा लाकडावर कोरीव काम करणारा कसबी कारागीर होता. शहाता सोफ्यांचे गादीकाम करी. तहानी सरकारी रुग्णालयात परिचारिका होती. लाकडाच्या वखारीचे दोघे भाऊ होते, आणि सहावा मी, मास्तर परत आल्यावर ज्या शाळेत लागले तेथेच व्याकरण शिकवणारा.

सन दोन हजार सोळाच्या हिवाळ्यात एका आठवड्यात इजिप्तचा पौंड जवळजवळ अर्ध्यावर आला. त्या गुरुवारी रक्कम मध्ये ठेवली गेली, पण तिला कोणी हात लावेना. आपण वर्षभर जपलेली वस्तू आपल्या डोळ्यांदेखत निम्मी झाली आणि तरी ती तेवढीच दिसते आहे, हे पाहून माणसे सुन्न झाली होती. तहानी म्हणाली की पगार तोच आहे, फक्त आता तो औषधाच्या अर्ध्या मात्रेसारखा लागतो.

तेव्हा मास्तर नकाशापुढे उभे राहिले. त्यांची सूचना अशी की ही भिशी कोणी उचलू नये. तिचे परदेशातील कंपन्यांचे शेअर घ्यावेत आणि सात-आठ वर्षांनी ज्याला जशी गरज पडेल तसे विकावेत. आपले घर इथे, आपले काम इथे, आणि साठवण पण इथल्याच नाण्यात. म्हणजे एका गल्लीत पाणी शिरले की सगळेच भिजणार. थोडे तरी दुसऱ्या गल्लीत ठेवू. आणि त्याच शांत स्वरात त्यांनी दुसरी बाजूही सांगितली. तिकडचे भाव पडतील तेव्हा इथे बसून आपल्याला काही करता येणार नाही. ते राज्य आपले नाही. त्याचे नियम आपण केलेले नाहीत, आणि ते काय आहेत हे सांगायला कोणी आपल्या दारी येणार नाही.

बयूमीने एकच गोष्ट विचारली, ती कंपनी बनवते काय. मास्तर म्हणाले, अनेक आहेत. बयूमी म्हणाला, "अनेक असू देत. पण ज्या वस्तूला मला हात लावता येईल, ती बनवणारी पाहिजे. हवा विकणाऱ्याला मी माझे पैसे देणार नाही." मास्तरांनी ते मनावर घेतले. सुतारकामाची हत्यारे बनवणारी एक कंपनी, इंजेक्शनच्या सुया बनवणारी एक, धान्य वाहणाऱ्या बोटींची एक, अशी निवड झाली. व्याजावर चालणारी आणि मद्य विकणारी वगळली. पुढे एकदा बाजारात त्या हत्यारांच्या कंपनीची पटाशी बयूमीला मिळाली. ती त्याने विकत घेतली आणि सगळ्यांना दाखवत फिरला, की हिची मूठ माझी आहे.

सोय साधी होती. हाझेम घरखर्चाला जे पैसे पाठवी ते तो तिकडच्या तिकडे वडिलांच्या खात्यात भरी, आणि आमचे पौंड इकडे मास्तरांच्या घरी येत. खाते एकच, मास्तरांच्या नावाचे. शेअर सातांचे, नाव एकाचे. याचे कोणाला काही वाटले नाही; भिशीत रक्कम नेहमी एकाच्याच हाती असते.

सव्वासात वर्षे हे चालले. मध्ये एका वर्षी तिकडचे भाव तिसऱ्या हिश्श्याने खाली आले. शहाता तीन दिवस दुकानात गेला नाही. पण त्याच वर्षी पौंडही इतका घसरला की पौंडात मोजले तर आमची रक्कम किंचित वाढलीच होती. रडावे की हसावे हे न कळून शहाता चौथ्या दिवशी कामावर गेला.

दोन हजार तेवीसच्या शरदातला एक गुरुवार मात्र मला शब्दशः आठवतो. इकराम वहिनींनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नीने, पांढरे चीज आणि गरम पोळ्या आणून ठेवल्या होत्या. मास्तरांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला आणि थोड्या संकोचाने म्हणाले की, मी अलीकडे तिकडचे नियम वाचतो आहे. प्रत्येकाने आपापल्या नावाने खाते उघडावे हे बरे. निदान या कागदावर सातही जणांच्या सह्या असाव्यात, की यातला कोणता वाटा कोणाचा.

वखारीचा थोरला भाऊ पोळीचा तुकडा हातात धरून तसाच राहिला. मग बयूमी म्हणाला, "मास्तर, आम्हाला बाहेर काढायचं असेल तर सरळ सांगा. कागद कशाला पुढे करता? का मरणाचा फरिश्ता येऊन चहा पिऊन गेला तुमच्याकडे?"

सगळे हसले. मीही हसलो. मास्तरही हसले, आणि हसतानाच त्यांनी तो कागद पुन्हा घडी करून कोटाच्या खिशात ठेवला. आपल्या मित्राचा अपमान झाला असे त्यांना वाटले असावे. मग त्यांनी स्वतः सगळ्यांना चहा ओतला, बयूमीला पहिला.

त्यानंतरच्या मार्चमध्ये पौंड एका सकाळी पुन्हा कोसळला. एकतीसांना मिळणारा डॉलर पन्नासाजवळ गेला. लोक दुकानांपुढे नुसते उभे होते. काय भावाने विकावे हे दुकानदारांनाच ठाऊक नव्हते. पण आमच्या सात घरांत त्या दिवशी एक वेगळाच धक्का होता. मास्तरांनी खाते पाहून सांगितले की, सर्व मिळून एक लाख तीस हजार डॉलर आहेत. एकेका घराचा वाटा साडेअठरा हजार डॉलर, म्हणजे जवळजवळ नऊ लाख पौंड. वखारीच्या धाकट्या भावाने आकडा दोनदा विचारला आणि मग खाली बसला. आम्ही घरी ठेवले असते तर त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकीही किंमत उरली नसती.

बयूमीचे डोळे भरून आले, आणि त्याला कारण होते. नदीकाठच्या ज्या कारखान्यात तो चाळीस वर्षे काम करीत होता तो जुन्या मालकाच्या वारसांनी विकायला काढला होता. किंमत नऊ लाख पौंड. मोठ्या, म्हणजे बकरी ईदपर्यंत रक्कम दिली तर कारखाना त्याचा. नाही तर तेथे इमारत उभी राहणार. त्याच्या हाताखाली तीन कारागीर होते, आणि त्यांना दुसरे काम येत नव्हते. दुमयातच्या अर्ध्या नववधूंचे पलंग त्या छपराखाली कोरले गेले होते. मास्तर त्याला म्हणाले, रमजान होऊ दे. छोटी ईद झाली की तुझा वाटा विकतो.

छोट्या ईदच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मासळी घेऊन परत येताना, नदीच्या धक्क्यावर, मास्तर खाली बसले ते पुन्हा उठले नाहीत.

हाझेम त्याच दिवशी विमानाने आला. मृत्तिका लोटण्यापूर्वी, आमच्या रीतीप्रमाणे, तो कबरीपाशी उभा राहिला आणि जमलेल्या शे-दीडशे लोकांपुढे म्हणाला, "माझ्या वडिलांकडे कोणाचं काही येणं असेल तर ते आता माझ्याकडे आहे. ज्याचं असेल त्यानं आत्ता सांगावं."

आम्ही सहाही जण तेथे होतो. कोणी बोलले नाही. ते येणे नव्हतेच मुळी; ती ठेव होती. आणि मित्राचे शरीर अजून झाकले गेले नसताना पैशाचा उच्चार करणे आमच्यापैकी कोणाला सुचलेही नसते. बयूमीने मान खाली घातली. हाझेमला सर्व माहीत होते. त्यानेही आमच्याकडे पाहिले नाही, की आम्हाला संकोच होऊ नये. हे आमचे सौजन्य होते. आजही मी त्याला सौजन्यच म्हणतो.

हाझेमने मृत्यूची वार्ता खाते सांभाळणाऱ्या कंपनीला कळवली, आणि मेच्या अखेरीस उत्तर आले. ते घेऊन तो आधी अलेक्झांड्रियातल्या एका वकीलबाईंकडे गेला आणि मग त्याने आम्हाला बोलावले. नकाशाच्या खोलीत, मास्तरांची खुर्ची रिकामी ठेवून, आम्ही नेहमीच्या जागी बसलो.

पत्रातला मजकूर त्याने सावकाश सांगितला. खाते गोठवले आहे. ज्या देशातल्या कंपन्यांचे शेअर होते त्या देशाच्या करखात्याचा दाखला येईपर्यंत एकही शेअर विकता येणार नाही की हलवता येणार नाही. त्याला एक वर्ष, कदाचित अधिकही लागेल. शिवाय परदेशी मृत माणसाची त्या देशातली मालमत्ता साठ हजार डॉलरच्या वर असेल तर तीवर मृत्युकर द्यावा लागतो. वकीलबाईंच्या हिशेबाने तो वीस हजार डॉलरच्या घरात जाईल.

"पण ते मास्तरांचे एकट्याचे कुठे आहेत?" शहाता म्हणाला. "आमचा कुणाचाच वाटा वीस हजारांपर्यंतसुद्धा जात नाही. साठ कुठून आले?"

हाझेम म्हणाला, "काका, तेच मी बाईंना म्हणालो. त्यांनी विचारलं, बाबा असतानाचा एखादा कागद आहे का, सात जणांचा वाटा सांगणारा? मी म्हटलं, नाही. त्यांनी विचारलं, मग दफनाच्या वेळी कोणी हक्क सांगितला का, चार साक्षीदारांसमोर? निदान तेवढं मांडून बघू. मी म्हटलं, नाही." त्याने पत्र घडी करून बाजूला ठेवले. "तुम्ही सगळे जिवंत आहात, अल्लाहची कृपा. पण त्यांच्या दप्तरात तुम्ही सगळे त्या दिवशी बाबांबरोबरच गेलात."

तहानीने आयुष्यभर मृत्यू पाहिले आहेत. तिचाही हात ओठांवर गेला. आपापल्या नावाने एकेक खाते असते तर आम्हा सहांना हे पत्रच आले नसते. ना कर, ना कुलूप. मास्तरांचे स्वतःचे साडेअठरा हजारही करातून मोकळे राहिले असते. आम्ही एका माणसावर विश्वास ठेवला, आणि तो विश्वास एकत्र मोजला गेल्यावर दंडास पात्र ठरण्याइतका मोठा झाला.

शहाता बोटांवर काही मोजत होता. "वीस हजार," तो म्हणाला. "म्हणजे एका घराचा अख्खा वाटा, वर थोडे. भिशीत आठवा वाटेकरी आला आणि एक हप्ता न भरता पहिली उचल घेऊन गेला."

एरवी यावर तासभर हशा चालला असता.

तेवढ्यात इकराम वहिनी आतून आल्या. त्यांच्या हातात मास्तरांचा हिवाळी कोट होता. धुऊन गरिबाला द्यावा म्हणून खिसे पाहताना त्यांना काही सापडले होते. त्यांनी तो कागद मध्ये, जेथे रक्कम ठेवत तेथे, उघडून ठेवला. मास्तरांचे वळणदार अक्षर होते. सात नावे, प्रत्येकापुढे त्याचा हिस्सा, आणि त्यापुढे सहीसाठी एक आखलेली ओळ. सातही ओळी कोऱ्या होत्या. स्वतःची सहीदेखील त्यांनी केली नव्हती. सर्वांनी मिळून करायची म्हणून ते थांबले होते.

बयूमी त्या कागदाकडे पाहत राहिला. त्याचा चेहरा इतका पांढरा पडला की तहानीने उठून त्याची नाडी धरली. तो स्वतःशीच बोलावे तसे म्हणाला, "माझी जागा मीच रिकामी ठेवली. फरिश्त्याचा चहा. मीच म्हणालो होतो ते."

कोणी त्याचे सांत्वन केले नाही, कारण हसलो आम्ही सगळेच होतो.

हाझेम म्हणाला की कर आमच्या घरावर आला आहे, तेव्हा तो माझ्या आईच्या वाट्यातून जाऊ दे, कमी पडेल ते मी घालतो. तुमचे सहा वाटे पूर्ण मिळतील. कायद्याने सर्व काही त्याचे आणि त्याच्या आईचे होते. तो ते ठेवून घेता तर आमच्यापाशी दाखवायला काहीच नव्हते. ही गोष्ट त्या मुलाच्या मनालाही शिवली नाही, हे येथे लिहून ठेवले पाहिजे. बयूमीने मान वर केली. "आठव्याचं सातांनी द्यायचं," तो म्हणाला. "मास्तरांनी कागद आणला होता. त्यांच्या घरानं काय म्हणून भरायचं?" त्यावर चर्चा झाली नाही.

मोठी ईद आली आणि गेली. गोठलेल्या खात्यातला वाटा कोणी तारण घेईना. आणि आम्ही सहांनी हातचे जमवले ते कारखान्याच्या किमतीच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतही पोहोचेना. वारसांनी बयूमीला आठ दिवस जास्त दिले. तेवढे औदार्य त्यांनी दाखवले. नवव्या दिवशी बयूमी आणि त्याचे तिघे कारागीर आपली बाके, रंधे, पटाश्या आणि चाळीस वर्षांचे नक्षीचे नमुने हातगाडीवर घालून रस्त्यावर उभे राहिले. मागे छपराचे पत्रे काढण्याचे काम चालू झाले होते. तो त्या आवाजाकडे पाठ करून उभा होता.

इकराम वहिनी काळ्या वेषात चालत तेथपर्यंत आल्या. इद्दतीचे दिवस होते. त्या काळात विधवा गरजेशिवाय उंबरा ओलांडत नाही. त्यांनी गरज मानली.

"उस्ता," त्या म्हणाल्या, "नकाशाची खोली मोठी आहे, शेजारचं कोठारही रिकामं आहे. तिथे बाकं लावा. पण कागद करून. भाडं किती, किती वर्षांचं, माझ्यानंतर कोण आणि तुमच्यानंतर कोण, सगळं लिहून. सही केल्याशिवाय एक पटाशीसुद्धा आत येणार नाही."

एरवी या शब्दांनी बयूमी ती गल्लीच सोडून गेला असता. त्याने वहिनींकडे पाहिले, आणि मला दिसले की त्याला प्रथमच कळले, मास्तर त्या गुरुवारी कोणती गोष्ट घेऊन आले होते. "वहिनी," तो म्हणाला, "दोन प्रती करा. एक माझ्या बायकोकडे राहील."

ती सही करायला त्याला बराच वेळ लागला. लाकडावर जो हात वेली आणि पाने सहज उमटवतो तो कागदावर फार सावकाश चालतो. साक्षीदार म्हणून मी आणि तहानीने सह्या केल्या.

दाखला पंधरा महिन्यांनी आला. हाझेमने शेअर विकले, कर वजा होऊन रक्कम आली, आणि सातांनी ती सारखी वाटून घेतली. न्यायाने सांगायचे तर एक वाटा गमावूनही, आमच्या पौंडात ती इथे ठेवलेल्या पैशाच्या कितीतरी पट होती. मास्तरांनी नकाशापुढे सांगितलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या ठरल्या. आम्ही फक्त पहिली लक्षात ठेवली होती. पण तो कारखाना परत मिळाला नाही. तेथे आता पाच मजले आहेत.

आमच्या गुरुवारच्या बैठका चालू आहेत. प्रत्येकाचे खाते आता आपापल्या नावाचे आहे, आणि ते कोठे आहे हे सांगणारा एक कागद प्रत्येकाच्या घरात आहे. नकाशा भिंतीवर तसाच आहे. कोरताना उडणारा लाकडाचा भुसा त्याच्या समुद्रांवर बसतो, आणि बयूमी दर गुरुवारी आम्ही येण्यापूर्वी तो कापडाने पुसून ठेवतो. मास्तरांचा तो कोरा कागद त्याने बीच झाडाच्या लाकडाच्या चौकटीत बसवला आहे. चौकटीवर नक्षी नाही.

वगदी मास्तरांची माती त्यांना हलकी असो. इकराम वहिनींच्या घरात पटाशीचा आवाज दीर्घकाळ राहो. त्या प्रामाणिक मुलाला त्याच्या मुलांत त्याच्यासारखेच मन मिळो. आणि जे एकमेकांवर जिवापाड विश्वास ठेवतात, त्यांना तो वेळेवर लिहून ठेवण्याचेही धैर्य लाभो.